बिनभाड्याचे वजन

आपल्याकडे आरमाराचा इतिहास सांगताना तोफा मोजल्या जातात, डोलकाठ्या मोजल्या जातात, जलदुर्गांचे बुरूज मोजले जातात. ते योग्यच आहे. त्यावाचून लढाईची हकिकत पुरी होत नाही. परंतु गलबताच्या अगदी तळाशी, काळोखात, झिरपलेल्या पाण्यात पडून राहिलेल्या दगडांचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. हे दगड विकावयाचे नसतात, त्यांचे भाडे मिळत नाही, शत्रूवर ते फेकताही येत नाहीत. ते केवळ वजन म्हणून असतात. जुन्या दर्यावर्दी बोलीत या वजनाला 'नीरम' म्हणतात. हाच शब्द गुजरातीत आहे आणि हिंदी कोशांतही सापडतो. आजच्या बंदरात मात्र 'बॅलास्ट' म्हटल्यावाचून भागत नाही. या नीरमाचा इतिहास मला सांगावयाचा आहे. कारण माणसाने समुद्रावर जी मोठी धाडसे केली आणि जे मोठे अपघात ओढवून घेतले, त्यांतल्या पुष्कळांच्या मुळाशी हे मुके वजन आहे असे मला वाटते.

मी न्हावऱ्याचा. शिरूर तालुक्यातले हे गाव भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. पाऊस बेताचा, आणि समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. अशा गावच्या माणसाने नीरमावर लिहावे हे कोणाला विचित्र वाटेल. पण तोलाचे शास्त्र समुद्रावरच शिकावे लागते असे नाही. आमच्याकडे साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या गाडीवानाला ते चांगले ठाऊक असते. मोळ्या मागच्या बाजूला जास्त पडल्या की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला ओढ बसते. पुढे जास्त पडल्या तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. तेव्हा वजन किती, यापेक्षा वजन कोठे, हा प्रश्न मोठा. गाडीला खाली निदान जमीन तरी असते. गलबताच्या खाली तीही नसते, एवढाच काय तो फरक.

पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूला सरळ उभे राहण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला रुंदीचा. बूड रुंद आणि सपाट असले की नाव एका अंगाला कलताच त्या अंगाचा अधिक भाग पाण्यात शिरतो, आणि पाणी त्याला वर लोटते. दुसरा मार्ग वजनाचा. बुडाशी जड वस्तू ठेवली की नावेच्या एकंदर भाराचे केंद्र खाली जाते, आणि वाऱ्याने डोलकाठी वाकवली तरी ते वजन तिला पुन्हा उभे करू पाहते. आपल्या किनाऱ्यावरच्या लहान होड्यांनी तिसरीच युक्ती काढली. त्यांनी आडवे दांडे बाहेर काढून त्यांना एक लाकडी ओंडा बांधला. हीच उलांडी. उलांडीच्या होडीला तळात दगड लागत नाहीत. पण उलांडी लावून मोठा माल वाहता येत नाही. रुंदीच्या मार्गालाही मर्यादा आहे. रुंद नाव थोडी कलली तर लगेच सावरते, पण एका हद्दीपलीकडे कलली की तीच रुंदी तिला उलटी पडण्यास मदत करते, आणि उलटी पडल्यावर ती तितक्याच पक्केपणाने उलटी राहते. वजनाचा मार्ग महाग आहे, कारण दगड घातला तेवढी मालाची जागा गेली. शिवाय नीरम अति झाले तर जहाज झटक्यानिशी डुलते आणि डोलकाठ्यांना तडे जातात. म्हणून किती नीरम घालावे हा कधीच निव्वळ गणिताचा प्रश्न नव्हता. तो व्यापाऱ्याचा लोभ आणि तांडेलाची भीती यांच्यामधला वाद होता.

हा वाद फार जुना आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एका जहाजाचे चित्र आहे. सुमारे पाचव्या शतकातले हे जहाज तीन डोलकाठ्यांचे आहे, त्यावर उंच शिडे आहेत आणि मागच्या बाजूला ओळीने रांजण मांडलेले दिसतात. चित्रकाराने तळ रंगवलेला नाही, तो कोणाला दिसतही नाही. परंतु इतकी उंच शिडे वागवणारे तारू पोटात वजन घेतल्यावाचून समुद्रात उभे राहणार नाही. त्याच्याही आधी, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने आपल्या वर्णनात सोपारा, कल्याण आणि चौल यांचा उल्लेख केला आहे. भडोच बंदरात परदेशाहून काय येई याची यादीही त्याने दिली आहे. त्या यादीत मद्य आहे, तांबे, कथील आणि शिसे आहे. मला ही यादी वाचताना नेहमी वाटते की हा नुसता व्यापार नव्हे. शिसे आणि तांबे तळाशी रचले की तेच नीरम होते, आणि बंदरात पोहोचल्यावर विकलेही जाते. ज्या नीरमाला भाडे मिळते ते सर्वांत चांगले नीरम! पुढे चीनहून चहा नेणाऱ्या युरोपीय जहाजांनी हीच युक्ती चिनी मातीच्या भांड्यांची केली. चहा हलका आणि ओलाव्याने बिघडणारा. भांडी जड आणि पाण्याने न बिघडणारी. तेव्हा तळाशी भांड्यांच्या पेट्या आणि वर चहा. विलायतेतल्या घराघरांतले चिनी पेले असे चहाच्या खाली बसून आले.

जेथे अशी सोय नव्हती तेथे दगडच. आणि दगड कमी पडले म्हणजे काय होते याचा पुरावा स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभा आहे. शिवरायांच्या जन्माच्या दोन वर्षे आधी, १० ऑगस्ट १६२८ रोजी, स्वीडनच्या राजाचे 'वासा' नावाचे नवे युद्धजहाज पहिल्या सफरीवर निघाले. त्यावर ६४ तोफा होत्या, आणि त्या एकावर एक अशा दोन मजल्यांवर मांडल्या होत्या. तळात सुमारे १२० टन दगड होते. अधिक घालण्यास जागा नव्हती; आणि घातले असते तर जहाज इतके खाली बसले असते की खालच्या तोफांची भोके पाण्याला टेकली असती. जहाज धक्क्यालाच असताना तीस खलाशांना एका कडेवरून दुसऱ्या कडेला पळवून परीक्षा घेण्यात आली. तीन फेऱ्यांतच जहाज इतके डुलू लागले की सरदाराने परीक्षा थांबवली. पण राजाला घाई होती, आणि राजा दूर होता. जहाज निघाले, वाऱ्याची एक झुळूक आली, दुसरी आली, तोफांच्या उघड्या भोकांतून पाणी शिरले आणि दीड किलोमीटरसुद्धा न जाता 'वासा' बुडाले. चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. १९६१ साली ते जहाज वर काढण्यात आले. ज्यांना दरबारी हुकूम आणि पाण्याचा कायदा यांतला फरक समजून घ्यावयाचा असेल त्यांना याहून चांगला धडा मिळणार नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. शिवरायांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर आरमाराची उभारणी झाली. १६६४ साली सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला. या आरमाराची गलबते कशी असावीत याचा विचार राज्यकर्त्यांनी किती बारकाईने केला होता, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराच्या प्रकरणावरून दिसते. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या या ग्रंथाचा सल्ला असा की गुराबा फार मोठ्या करू नयेत, फार लहानही करू नयेत. आणि वाऱ्यावाचून जी कामाची नाहीत अशी थोर जहाजे तर बांधूच नयेत. वरवर पाहता हे काटकसरीचे बोलणे वाटते. परंतु त्यामागे आमच्या किनाऱ्याचा अभ्यास आहे. खाड्या उथळ, मुखाशी वाळूचे दांडे, जागोजागी खडक. येथे खोल बुडाचे, तळात ढीगभर दगड वागवणारे जहाज म्हणजे पायात बेडी.

इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या गुराबांचे वर्णन केले आहे. गुराब लांबीच्या मानाने फार रुंद, पाणी कमी ओढणारी, आणि पुढे निमुळती होत गेलेल्या नाळेची. समोरून लाटा आल्या की ती फार आपटे. म्हणून नाळेवरच्या फळीला कठडा नसे, चढलेले पाणी दोन्ही अंगांनी वाहून जाई. तिच्याबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते असत, आणि वारा पडला की ती गुराबेला ओढून शत्रूच्या पिछाडीवर नेत. आज्ञापत्राचा सल्ला आणि ऑर्मचे वर्णन शेजारी ठेवले की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. आमच्या आरमाराने तोलाचा पहिला मार्ग निवडला होता, रुंदीचा. दुसरा मार्ग, म्हणजे खोल बूड आणि भारी नीरम, त्यांनी समजून-उमजून सोडला होता. त्या निवडीचा फायदा कान्होजी आंग्र्यांनी दाखवून दिला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी त्यांना हात हलवीत परतावे लागले. पण त्याच निवडीची किंमतही होती. भर पावसाळ्यात हे आरमार खाडीत छावणी करून राही, आणि किनारा सोडून महिनोन्महिने खोल समुद्रात लढत राहणे हे त्याचे काम नव्हते. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनची जहाजे विजयदुर्गाच्या मुखाशी आली तेव्हा तुळाजींचे आरमार बंदरात एकत्र बांधलेले होते, आणि तेथेच ते जळाले. यात पेशव्यांनी इंग्रजांशी केलेला संगनमताचा भाग मोठा आहे. नीरमाने राज्य गेले असे मी म्हणणार नाही. मात्र कोणते वजन तळात घ्यावयाचे हे ठरवताना आपण कोणता समुद्र आपला मानतो हेही ठरून जाते, एवढे नक्की.

दुसरा मार्ग आमच्याच किनाऱ्यावर, आमच्याच सागवानातून उभा राहिला. पण मालकी दुसऱ्याची होती. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईच्या गोदीत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शंभराहून अधिक वर्षे तेथे जहाजे बांधली. १८१७ साली जमशेटजी बमनजींच्या हाताखाली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. त्या काळच्या इंग्रजी युद्धजहाजांत तळाशी प्रथम लोखंडाच्या लाद्या आणि त्यांवर गोटे पसरीत. लोखंड दगडाहून तिप्पट जड, म्हणून तेवढ्याच वजनाला जागा कमी. वजन वाढवण्यापेक्षा ते दाट करून खाली न्यावयाचे, हीच ती सुधारणा.

त्याच सुमारास व्यापारी जहाजांना नीरमाचा खर्च बोचू लागला होता. न्यूकॅसलचा कोळसा लंडनला नेणारी गलबते परतताना रिकामी, म्हणून टेम्स नदीच्या तळातली रेती भरून येत. ही रेती काढून देण्याचा हक्क १५९४ पासून ट्रिनिटी हाऊस या संस्थेकडे होता, आणि तिचे पैसे पडत. न्यूकॅसलला पोहोचल्यावर ती रेती उतरवण्याचेही पैसे. टाइन नदीच्या काठी अशा टाकलेल्या नीरमाच्या अक्षरशः टेकड्या झाल्या. कोळशाच्या गाड्यांसाठी तेथे जे पहिले रूळ टाकले त्यांच्याखाली हीच रेती-खडी पसरली, आणि शब्दही तिच्याबरोबर उतरला असे सांगतात. दौंड जंक्शनात रुळांखालच्या खडीला रेल्वेची माणसे आजही 'बॅलास्ट' म्हणतात. समुद्र न पाहिलेल्या गावांनाही समुद्राचा शब्द असा आगगाडीने पोहोचवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोखंडी आगबोटी झाल्या आणि मग उत्तर सापडले: रेती कशाला, पाणीच भरा. तळाशी बंद टाक्या करावयाच्या, रिकामे जाताना नळ उघडून समुद्र आत घ्यावयाचा, माल भरताना पंपाने बाहेर टाकावयाचा. नीरम फुकट झाले. समुद्रावर तरण्यासाठी समुद्रच पोटात घेण्याची ही कल्पना मला नीरमाच्या इतिहासातली सर्वांत मोठी क्रांती वाटते.

परंतु टाक्या आल्या म्हणून धोका गेला नाही. १७ जुलै १९४७ हा दिवस मुंबईतल्या आणि कुलाबा जिल्ह्यातल्या जुन्या घरांतून अजून विसरला गेलेला नाही. आषाढी अमावास्या होती. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' आगबोट रेवसकडे निघाली. गावी जाणारे चाकरमाने, बायका, पोरे. बाहेर पडल्यावर समुद्र खवळलेला मिळाला. वाचलेल्यांनी सांगितलेली हकिकत अशी की लाटांनी बोट एका बाजूला कलली, घाबरलेले उतारू दुसऱ्या बाजूला धावले, आणि पुढच्या लाटेने बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या बोटी घालून काहींना वाचवले. मुंबईला दुर्घटनेची खबर संध्याकाळपर्यंत धडपणे पोहोचलीही नव्हती. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते, आणि त्या गलक्यात हा आकांत इतिहासाच्या पानांत फारसा आला नाही.

त्या उताऱ्यांना दोष देणे हा अन्याय होईल. बुडत्या बाजूला कोण उभे राहील? पण तोलाच्या दृष्टीने माणूस हे फार वाईट वजन आहे. ते वरच्या मजल्यावर उभे असते आणि भीतीने हलते. तळातला दगड भीत नाही, हाच त्याचा गुण. 'वासा'च्या धक्क्यावर तीस माणसांनी मुद्दाम जे करून पाहिले तेच येथे शेकडो माणसांनी जीव वाचवण्यासाठी केले.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या हयातीतले आहे. खोल समुद्रात जाणाऱ्या आजच्या शिडाच्या नौकांना बुडाखाली शिशाचे किंवा लोखंडाचे भारी वजन पक्के जोडलेले असते. गोव्यात दिवाड बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यानंतर २०१२-१३ साली अभिलाष टोमी कोठेही न थांबता फिरून आले. हेच टोमी २०१८ साली गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' नौकेतून पुन्हा निघाले असता, २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने नौका पूर्ण उलटीपालटी केली. डोलकाठी मोडली, टोमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. पण नौका फिरून सरळ झाली, आणि तीन दिवसांनी सुटका होईपर्यंत ते तिच्याच आश्रयाने राहिले. 'रामदास' उलटली ती उलटलीच; 'थुरिया' उलटून परत उभी राहिली. दोन्हींचा आकार, काम आणि प्रसंग निराळे, हे मान्य. तरीही बुडाखालच्या बिनभाड्याच्या वजनाचा अर्थ सांगण्यास मला याहून बोलके जोडपे आठवत नाही.

आता या कथेत एक चमत्कारिक वळण येते. १९८५ नंतर अमेरिकेत एक नवा खेळ रुजला. वेगवान बोटीच्या मागे दोर बांधायचा, पायांना फळी अडकवायची, आणि बोटीने मागे उठवलेल्या लाटेवरून उडी घ्यावयाची. याला वेकबोर्डिंग म्हणतात. हजारो वर्षे जहाज बांधणाऱ्यांनी मागे लाट कमी उठावी म्हणून कष्ट घेतले, कारण लाट म्हणजे वाया गेलेली शक्ती. येथे मात्र लाटच हवी! आणि लाट मोठी करण्याचा सोपा उपाय म्हणजे बोट मुद्दाम जड करून पाण्यात खोल बसवणे. आरंभी हौशी लोक बोटीत वाळूच्या पिशव्या टाकीत, शिसे टाकीत, नाहीतर चार जाडजूड मित्र बसवीत. मग पाण्याच्या जाड रबरी पिशव्या आल्या. मग कारखानदारांनी तळफळीखालीच टाक्या आणि पंप बसवून दिले. आणि तेही अपुरे वाटू लागल्यावर बोटवाल्यांमध्ये नीरम वाढवून घेण्याची चढाओढ सुरू झाली.

या सुधारणेचे तंत्र ऐकण्यासारखे आहे, कारण त्यात जुने सारे धडे पुन्हा भेटतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; हजार लिटर म्हणजे एक टन, चौदा-पंधरा माणसांचा भार. तासाला तीन हजार लिटर ओढणाऱ्या एका पंपाने तो चढवण्यास वीस मिनिटे लागतात, म्हणून प्रत्येक पिशवीला निराळा पंप. पिशवीतली हवा निघून जाण्यास निराळी नळी, नाहीतर पिशवी फुगते पण भरत नाही. सारे वजन मागच्या कोपऱ्यांत घातले की लाट मोठी होते, पण बोटीचे नाक आकाशाकडे जाते आणि चालवणाऱ्याला समोरचे दिसेनासे होते. म्हणजे गाडी उलाळ झाली! तेव्हा एक पिशवी पुढे नाळेतही ठेवावी लागते. भार वाढला की इंजिनाला तो ओढवत नाही, म्हणून पंखाही बदलावा लागतो. सर्वांत मोठा धोका अर्ध्या भरलेल्या पिशवीचा. पूर्ण भरलेले पाणी दगडासारखे गप्प राहते. अर्धे भरलेले पाणी बोट कलेल त्या बाजूला धावते, थेट 'रामदास'च्या उताऱ्यांसारखे. शिवाय बोटीवर किती वजन चालेल याची पाटी कारखान्यातून लावलेली येते. त्या आकड्यात माणसेही येतात आणि पाणीही येते, हे विसरणाऱ्याला समुद्राची गरज नाही, तळे पुरते.

पाण्याच्या नीरमाचा आणखी एक दोष दगडात फारसा नव्हता. पाणी जिवंत असते. एका बंदरात घेतलेले पाणी दुसऱ्या बंदरात सोडले की त्यातले जीवही सुटतात. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या बाजूचे पट्ट्यापट्ट्यांचे लहान शिंपले जहाजांच्या अशा पाण्यातून अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत पोहोचले. १९८८ साली ते तेथे प्रथम आढळले आणि थोड्याच वर्षांत त्यांनी शहरांच्या पाणीपुरवठ्याचे नळ बुजवून टाकले. त्यांचेच भाऊबंद २००७ साली दूर पश्चिमेच्या मीड सरोवरात सापडले. तेथे जहाज जात नाही. ते गेले गाडीवरून नेलेल्या हौशी बोटींबरोबर. अशा बोटींच्या टाक्या आणि पिशव्या पुरत्या रिकाम्या कधीच होत नाहीत, आणि तळाशी राहिलेल्या तांब्याभर पाण्यात एका सरोवराचा रोग दुसऱ्याला लागतो. म्हणूनच व्हरमाँट राज्याने २०२४ साली नियम केला की मोठी लाट उठवणाऱ्या या बोटींचा खेळ काठापासून पाचशे फूट दूर आणि खोल पाण्यातच चालावा, आणि तळे बदलण्यापूर्वी बोट निर्जंतुक करावी. मोठ्या जहाजांसाठी २००४ साली लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून तो अमलात आला. त्याआधीच्या जागतिक प्रयोगासाठी जी सहा बंदरे निवडली होती त्यांत मुंबई होती, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

हे सारे देशावरच्या वाचकाने का ऐकावे? माझे उत्तर असे आहे. आमच्या देशावर पूर्वी पाणी पावसाळ्यापुरते असे. नदी ओलांडावयाची ती भोपळ्यांच्या सांगडीवरून, नाहीतर गुळाच्या काहिलीत बसून. काहिलीला ना नाळ ना पिछाडी. पण तळाशी बसून राहायचे, उभे राहायचे नाही, हा तिचा नियम पोरासोरांना माहीत असे. तेच आमचे नीरमशास्त्र. मग धरणे झाली. चिंचणीजवळ घोड नदी अडली, १९८० साली उजनी पुरे झाले आणि भीमेचे पाणी दौंडपर्यंत मागे पसरले. जेथे बैलगाडी जात होती तेथे लाटा उठू लागल्या. पाणी आले, पण पाण्यावरच्या माणसांनी शेकडो वर्षांत साठवलेले शहाणपण त्याच्याबरोबर घाट चढून आले नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जीव गेले. एकजण पोहत काठाला लागला.

त्या दिवशीच्या वाऱ्यापुढे कोणती बोट टिकली असती हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण त्या पाण्यावर उद्याही बोटी जाणार आहेत. प्रवाशांच्या जाणार, मासे धरणाऱ्यांच्या जाणार, आणि हौसेच्याही येणार. त्यांत किती माणसे बसवावीत, ती कोठे बसवावीत, तळात काय असावे, वारा उठला तर कोणी हलू नये, हे कोणीतरी शिकवले पाहिजे. शाळांतून आम्ही आरमाराच्या तोफा पाठ करतो. त्याबरोबर आरमाराचा तोलही शिकवावा. कोणत्याही धंद्यात काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री बिनभाड्याच्या वजनाला लागते, कारण ते दिसत नाही आणि त्याची पावती फाडता येत नाही. त्याचा हिशेब लागतो तो वादळाच्या दिवशी, आणि त्या दिवशी ते भरून घेण्यास वेळ उरलेला नसतो.